काळोख्याच्या खोलीतली अळिंबी

१४ सप्टेंबर

बाबा,

नमस्कार आधीच करून घेते. पुढचं वाचून तुम्ही पत्र बाजूला ठेवाल, अशी मला भीती आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही "हो, हो" म्हणत राहता आणि मागून वन्सं सांगतात, की बाबांना यातलं एक अक्षर ऐकू गेलेलं नाही. शिवाय तुमचं म्हणणंच आहे, की महत्त्वाचं बोलणं कागदावर असावं, म्हणजे माणूस ते दोनदा वाचतो.

तुमचा खुबा आता कसा आहे? काठी घेऊन अंगणापर्यंत जाता असं वन्सं म्हणाल्या. काठी न घेता जाता, असंही म्हणाल्या.

माझं सांगते. अल्बम चिकटवायचं काम आता कुणीच देत नाही. लोकांचे फोटो फोनमध्ये जन्मतात आणि तिथेच म्हातारे होतात. उन्हाळ्यात तुम्ही ऑपरेशनसाठी वन्संकडे गेलात तेव्हापासून या घरात मी एकटी आहे, आणि हाताला काम नसलं की घर फार मोठं होतं. माझ्या भावाने त्याच्या औषधांच्या गोदामात माझ्यासाठी जागा ठेवली आहे. वर्ष संपायच्या आत हो की नाही ते सांग, म्हणतो. गेले तर घराला कुलूप लागेल आणि तुम्हाला परत यायचं झालं तरी इथे कुणी नसेल. मला जायचं नाही.

म्हणून मागच्या महिन्यात मी तीन दिवसांचं एक प्रशिक्षण घेतलं. अळिंबी लावायचं. धिंगरी नावाची जात असते, शिंपल्यासारखी पसरट. भाताचं काड, म्हणजे पेंढा, भिजवायचं, गरम पाण्यातून काढायचं, निथळायचं, पिशवीत थरावर थर देऊन मध्ये बी पेरायचं. अठरा-वीस दिवसांत सगळी पिशवी पांढरी होते आणि मग तिच्या अंगातून अळिंबी बाहेर येते. पुलापलीकडच्या हॉटेलातल्या मुख्य आचाऱ्याला मी भेटले. त्याच्याकडे लांबून येणारा माल पिवळा पडून येतो. ताजी, एकसारखी, टोपीची कड आत वळलेली असतानाच कापलेली मिळाली तर आठवड्याला दहा किलो घेईन, म्हणाला.

फक्त खोली हवी. थंड, ओल धरणारी, धुता येईल अशी फरशी, आत नळ. घरात अशी एकच खोली आहे. कुठली ते तुम्हाला कळलंच असेल. ज्याची ती खोली, तो गेला त्याला फेब्रुवारीत दोन वर्षं होतील. तेव्हापासून मी तिचं दार उघडलेलं नाही. तुम्ही नको म्हणालात तर पुन्हा विचारणार नाही.

बियाण्याच्या पिशवीवरची चिठ्ठी सोबत पाठवतेय. तुम्हाला असलं छापील काही वाचायला आवडतं. बी करणाऱ्या बाई वन्संच्याच गावात आहेत, पत्ता त्यावर आहे.

तुमची
सून


२२ सप्टेंबर

चि. सूनबाई,

आशीर्वाद तर आहेतच, ते काही पत्राची वाट बघत थांबत नाहीत.

पत्र मी खरंच बाजूला ठेवलं होतं. चार दिवस ते चष्म्याच्या घरात घडी होऊन पडलं. चष्मा काढायला गेलो की हाताला आधी पत्रच लागायचं. तुझ्या वन्सं म्हणाल्या, "बाबा, उत्तर लिहा नाहीतर चष्मा दुसरीकडे ठेवा." ही पोरगी आईवर गेली आहे.

ती खोली पूर्वी न्हाणीघर होती हे तुला माहीत आहे का? तू आलीस तेव्हा तिथे फोटोच धुतले जात होते. आपला चिरंजीव अकरा वर्षांचा असताना कुणाचा तरी मोडका कॅमेरा त्याच्या हाती आला आणि त्याला अंधारी खोली हवी झाली. एका रविवारी मी वह्या तपासून घरी आलो, तर हा कोपरापर्यंत काळा. न्हाणीघराच्या खिडकीच्या सगळ्या काचा त्याने काळ्या तैलरंगाने रंगवून टाकल्या होत्या आणि वरच्या पंख्याच्या भोकावर पत्रा ठोकला होता. तुझ्या सासूने कपाळाला हात लावला. "सगळ्यांची पोरं उजेडात खेळतात, आणि हा आमचा काळोख्या," म्हणाली. तेच नाव पडलं. पुढे दाढीमिशा आल्या, दुकान काढलं, तू आलीस, तरी ती मरेपर्यंत त्याला काळोख्याच म्हणायची.

मी दाराबाहेर उभा राहून विचारायचो, "काय रे, काय दिसतंय?" तो आतून म्हणायचा, "येतंय बाबा, येतंय." पाण्यातल्या कोऱ्या कागदावर हळूहळू माणसाचा चेहरा वर येताना मी त्याच्या शेजारी उभं राहून पाहिला आहे. चौतीस वर्षं मी वर्गात कविता शिकवल्या, पण कविता म्हणजे काय ते त्या थाळीत बघितलं.

तर खोली घे. मनापासून घे. थाळ्या, बाटल्या, तो मोठा दिवा, सगळं माळ्यावर टाक. भिंतींना चुना लाव. लाल बल्ब काढलास तरी चालेल. एकच मागतो. खिडकीला हात लावू नकोस. तो रंग त्याच्या हातचा आहे. फोटो काय, त्याने जगाचे काढले, स्वतःच्या हाताचं असं त्याने तेवढंच मागे ठेवलं. आणि तुझं त्यात काही अडायचंही नाही, कारण अळिंबीला काळोखच लागतो एवढं मलाही ठाऊक आहे. शब्द दे, आणि कामाला लाग.

चिठ्ठी चार वेळा वाचली. जात, तारीख, पत्ता. मजकूर थोडा आहे, पण शुद्ध आहे.

बाबा


९ ऑक्टोबर

बाबा,

शब्द दिला. खिडकीला हात लावणार नाही.

गेले पंधरा दिवस हाताचं पाणी सुटलेलं नाही. खोली तीनदा धुतली. माळ्यावर सगळं नीट गुंडाळून ठेवलं आहे, तुम्ही आलात की बघाल. फोटो वाळत घालायची दोरी मात्र काढावी लागली. पिशव्यांचं वजन तिला झेपलं नसतं. छताला कड्या मारून जाड नायलॉनच्या दोऱ्या सोडल्या.

काड गरम पाण्यातून काढणं हे सगळ्यात अवघड. कमी तापलं तर त्यातली दुसरी बुरशी जिवंत राहते, जास्त तापलं तर काडाचा लगदा होतो. मग ते मुठीत दाबून बघायचं. तळवा ओला झाला पाहिजे, पण थेंब पडता कामा नये. पहिल्या दिवशी माझी मूठ रडली, दुसऱ्या दिवशी जमली. चोवीस पिशव्या भरल्या. त्यांना बेड म्हणतात. मी प्रत्येकावर नंबर घातले आहेत, तुमच्या वर्गात असायचे तसे.

हजेरी कळवते. चोवीसपैकी तेवीस हजर. नऊ नंबरला हिरवी बुरशी लागली, तो उचलून लांब नेऊन पुरला. बाकीच्यांच्या अंगावर पांढरे धागे पसरायला लागले आहेत. कापसाहून बारीक, दुधाहून पांढरे. दार किलकिलं करून टॉर्च मारला की आत कुणी झोपलेलं आहे असं वाटतं.

तुमची
सून


१७ ऑक्टोबर

चि. सूनबाई,

तुझं पत्र मी जावयांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "एवढ्या कौतुकाने तुम्ही आमच्या प्रमोशनचं पत्रसुद्धा वाचलं नव्हतंत." मी म्हटलं, त्यात पांढरे धागे नव्हते.

नऊ नंबरचं वाईट वाटलं. माझ्या वर्गातून एखादं पोर गाव सोडून गेलं तर मी त्याचा नंबर वर्षभर दुसऱ्याला देत नसे. हजेरी घेताना त्या जागी जरा थांबायचो आणि पुढे जायचो. तू त्या दोरीवर घाईने दुसरं काही टांगू नकोस.

तुझ्या पत्राने एक जुनी गोष्ट वर आली. चौथीच्या पुस्तकात काळोखावर एक कविता होती. कवीचं नाव आता आठवत नाही, पण चाल आठवते, आणि कुठल्या ओळीवर मुलांचा श्वास कमी पडायचा तेही आठवतं. काळोखाला त्यात आई म्हटलं होतं. बी तिच्या कुशीत निजलेलं, बाहेर वारा भांडतोय आणि ती त्याला कानात सांगते आहे, इथेच राहा, इथे ऊब आहे. पावसाळी दुपारी वर्गात अंधारून आलं की मी दिवा न लावता ती म्हणून घ्यायचो. साठ पोरं एका सुरात. आपला काळोख्या तिसऱ्या बाकावर बसायचा, आणि मला पक्कं वाटतं, की ती अंधारी खोली त्याच्या डोक्यात त्या कवितेनेच घातली.

आता त्याच काळोखाच्या कुशीत तुझे तेवीस बेड निजले आहेत. बघ, त्याने रंगवलेली खिडकी इतक्या वर्षांनी तुझ्या कामी आली. आमचा हट्ट वाया गेला नाही. टोप्या धरल्या की पहिली टोपली आचाऱ्याकडे नेण्याआधी आकार लिहून कळव. मी इथे भिंतीवर पेन्सिलीने काढून बघणार आहे. तुझ्या वन्संना सांगू नकोस.

बाबा


३ नोव्हेंबर

बाबा,

उशीर झाला, रागावू नका.

अळिंबी आली, पण जमली नाही. पिशव्या कापल्या, पाणी फवारत होते, पाचव्या दिवशी कोंब फुटले आणि मग ते नुसते लांबतच गेले. वीतभर दांडे आणि त्यांच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढ्या टोप्या. तरी धीर करून टोपली नेली. आचारी टोपलीत बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, मी छत्र्या मागितल्या होत्या. तुम्ही नुसते दांडेच आणलेत." मागे भांडी घासणारे हसले. तोही हसला, पण वाईट नाही हसला. डिसेंबर संपेपर्यंत थांबतो, मग दुसरीकडे ठरवावं लागेल, म्हणाला.

बी कमजोर निघालं असावं. असं होतं म्हणतात कधी कधी. पुन्हा भरून बघणार आहे.

भावाचं पत्र आलं. गोदामातली जागा अजून रिकामी आहे.

आकार विचारला होतात. भिंतीवर काढू नका.

सून


८ नोव्हेंबर

बियाणे प्रयोगशाळेच्या संचालिका यांस,

महोदया, आपली ओळख नाही. आपल्या पिशवीवरची चिठ्ठी मात्र माझ्या चांगल्या ओळखीची आहे. तिच्यावर तारीख आहे, जात आहे, पत्ता आहे. बी कमजोर असल्याचा उल्लेख कुठे आढळला नाही.

माझ्या सुनेने आपल्याकडचं बी घेऊन चोवीस बेड भरले. तिची स्वच्छता मी जाणतो. तिच्या हातचा अल्बम वीस वर्षं सुटत नाही. खोलीही अशी, की अळिंबीसाठीच बांधावी. अकरा वर्षांच्या मुलाने आपल्या हाताने काळी केलेली खिडकी आहे, आणि ती मी उघडू दिलेली नाही, त्यामुळे उजेडाचा कण आत जात नाही. असं असून टाचणीएवढ्या टोप्या आल्या. मी चौतीस वर्षं शिक्षक होतो. पोरगं नापास झालं तर दोष दर वेळी पोराचा नसतो, हे मी जसं मान्य करत आलो, तसं आपणही करावं.

तिचं या घरात राहणं या पिकावर अवलंबून आहे. तिने हे आपल्याला सांगितलं नसेल. ती सांगत नाही. म्हणून मी लिहितो. कृपया पुढचं बी तपासून द्यावं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक


१५ नोव्हेंबर

गुरुजी,

तुमचं पत्र मिळालं. त्याच दिवशीच्या बियाण्यातून आणखी नऊ जणांनी बेड भरले होते, त्यांचं पीक चांगलं आलं. तुमच्या सूनबाईंच्या पिशव्याही अठरा दिवसांत पूर्ण पांढऱ्या झाल्या होत्या. बी कमजोर असतं तर ते तिथेच कळलं असतं.

अळिंबीला काळोख लागतो हे अर्धंच खरं आहे. पिशवी पांढरी होईपर्यंत काळोख चालतो. त्यानंतर तिला उजेड लागतो, थेट ऊन नव्हे, खोलीत पुस्तक वाचता येईल इतपत. आणि खेळती हवा लागते. ही दोन्ही मिळाली नाहीत तर ती त्यांच्या शोधात मान लांब करत जाते. सगळी ताकद मानेत जाते, टोपी धरत नाही. त्यांची अळिंबी आजारी नव्हती. ती खिडकी शोधत होती.

हे मी शिकवताना सगळ्यांना सांगते. सूनबाईंना फोनवर आणखी दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "खिडकी उघडता येणार नाही, शब्द दिलाय." मी म्हटलं, मग दुसरी खोली बघा. म्हणाल्या, दुसरी नाही. शब्द कुणाला दिला ते मी विचारलं नव्हतं. तुमच्या पत्रात ते आपसूक आलं.

पुढचं बी त्यांनी आधीच नेलं आहे. ते तपासलेलं आहे.

आपली,
बियाणेवाली


१७ नोव्हेंबर

सूनबाई,

बियाणेवाल्या बाईंचं पत्र सोबत ठेवलं आहे. ते आधी वाच, मग हे.

वाचलंस? आता मला एवढंच सांग, की तू मला का नाही लिहिलंस. आचाऱ्याच्या मोरीवरची माणसं हसली ते लिहिलंस, बी कमजोर निघालं म्हणून लिहिलंस, आणि ज्याच्यामुळे हे झालं त्यालाच तेवढं सोडून दिलंस. मी त्या बाईंना जे पत्र लिहिलं त्यातली वाक्यं आठवली की मला खोलीत बसवत नाही. मी त्यांना स्वतःच्या हस्ताक्षरात कळवलं, की उजेडाचा कण आत जात नाही. अभिमानाने कळवलं.

परवापासून ती चौथीची कविता माझ्या डोक्यात फिरते आहे. मी तुला म्हटलं ना, बी काळोखाच्या कुशीत आणि ती सांगते, इथेच राहा. त्या कवितेला दुसरं कडवं होतं. आज सकाळी दात घासताना एकदम आठवलं, की होतं. पानाच्या खालच्या बाजूला, चार ओळी. परीक्षेला पहिलं कडवंच यायचं, म्हणून दुसरं मी कधी म्हणून घेतलंच नाही. चौतीस वर्षांत एकदाही नाही. पोरांनी विचारलं तर म्हणायचो, ते घरी वाचा. त्यात काय होतं ते मला सांगता येत नाही. शब्द आठवत नाहीत, चालही आठवत नाही, कारण चाल मी लावलीच नव्हती. पण बी कायमचं कुशीतच राहिलं नसणार, एवढं बाईंच्या पत्रावरून कळतं.

इतक्या पिढ्यांना मी अर्धी कविता देऊन पुढच्या वर्गात ढकललं. आणि आता तुलाही.

तुझा शब्द मी परत देतो. खिडकी उघड. रंग खरवडून काढ, पत्रा उपट, काय लागेल ते कर. माझं पत्र पोचेल त्याच दिवशी कर. माझी वाट बघू नकोस.

बाबा


२५ नोव्हेंबर

बाबा,

तुमचं पत्र मिळाल्याला पाच दिवस झाले. खिडकी अजून तशीच आहे.

तुम्ही सगळा दोष उचलून स्वतःकडे नेलात. तेवढा तुमचा नाही, म्हणून लिहायला बसले. पहिल्या पत्रात मी म्हटलं होतं, की दोन वर्षांत ते दार उघडलं नाही. ते खरं नव्हतं. तुम्ही वन्संकडे गेल्यापासून रोज दुपारचं जेवण झालं की मी आत जाऊन दार लावून बसत असे. अर्धा तास, कधी एक तास. त्या खोलीत डोळे उघडे ठेवले काय नि मिटले काय, सारखंच. फोटो धुवायच्या औषधांचा तो आंबट वास अजून होता. आत असलं की तो बाहेरच्या खोलीत आहे असं वाटायचं. दाराबाहेर उभा आहे आणि आता विचारेल, की झालं का.

मग मला माझीच भीती वाटायला लागली. म्हणून ते प्रशिक्षण घेतलं, म्हणून खोली मागितली. आणि तुम्ही खिडकीची अट घातलीत तेव्हा मी रडले. तुम्हाला वाटेल, वाईट वाटून. नाही. सुटले म्हणून. काम सुरू होणार आणि काळोखही राहणार. बाईंनी सांगितलं तेव्हा मला चांगलं कळलं होतं. तुम्हाला एक ओळ लिहिली असती तर तुम्ही नाही म्हटलं नसतं, तेही कळत होतं. लिहिली नाही. तुमची अट माझ्या सोयीची होती.

परवा ब्लेड घेऊन स्टुलावर चढले. काचेला टेकवलं आणि उतरले. काल पुन्हा चढले. आज चढले नाही.

दुसरे तेवीस बेड पांढरे व्हायला आले आहेत. आठ-दहा दिवसांत त्यांना उजेड लागेल. खुबा परवानगी देत असेल तर तुम्ही या. मी एकटीने ते करणार नाही, आणि दुसऱ्या कुणाकडून करून घेणार नाही.

सून


३० नोव्हेंबर

सूनबाई,

शनिवारी दुपारच्या गाडीने निघतो. जावई सोडायला येत आहेत. डॉक्टरांनी नको म्हटलं, तुझ्या वन्संनी त्याहून मोठ्याने नको म्हटलं. मला कमी ऐकू येतं, हे या घरात पहिल्यांदा उपयोगी पडलं.

ब्लेड नको, काचेवर चरे पडतात. तवा खरवडायचं उलथनं काढून ठेव, जुनं, धार गेलेलं. आणि दोन स्टुलं. तू चढलीस आणि उतरलीस, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी तर इथून चढलोही नव्हतो.

बाबा


४ जानेवारी

बाबा,

तुम्ही इथून जाऊन आज अठरा दिवस झाले. तपासणीला डॉक्टर काय म्हणाले ते वन्संनी कळवलं. स्टुलावर बसून दोन दिवस काच खरवडल्याचं तुम्ही त्यांना सांगितलेलं नाहीत, हेही त्यांच्या पत्रावरून कळलं. मीही सांगणार नाही.

तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर बेडच्या अंगावर घोस आले होते. पंख्याच्या भोकाकडून वारा येत होता. पत्रा काढून तुम्ही लावलेली जाळी तेवढी एका कोपऱ्यात सुटली होती, ती पुन्हा ठोकली. टोप्या रुंद, राखी रंगाच्या, एकीवर एक रचल्यासारख्या, दांडे बोटभरसुद्धा नाहीत. आणि सगळ्यांची तोंडं जराशी खिडकीकडे. मी सुरी आणली. मग कड उलटायच्या आत कापून घेतल्या.

आचाऱ्याकडे नेल्या. त्याने टोपलीत हात घातला नाही, आधी वाकून वास घेतला. मग एक उचलली, दारातल्या उजेडात धरली आणि उलटी करून खालच्या चुण्या बघितल्या. "आता कशा छत्र्या दिसतायत," म्हणाला, "मंगळवारी बारा किलो आणा, आणि वेळ पाळा." मोरीवरच्या माणसाने विचारलं, दांडे कुठे गेले. मी म्हटलं, विकून टाकले. त्यानंतर दोन मंगळवार गेले, दोन्ही वेळा माल पोचला. भावाला नाही म्हणून कळवलं. तो रागावला नाही. त्याने अळिंबी मागवली आहे.

आता एक सांगायचं राहिलं आहे. तुम्ही होतात तेव्हा ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. खिडकीच्या उजव्या हाताला, अगदी खालच्या कोपऱ्यात, थोडा रंग राहून गेला होता. तुमचं उलथनं तिथे पोचत नव्हतं आणि मी म्हटलं होतं, नंतर करते. ख्रिसमसच्या सुमाराचं धुकं संपलं आणि एक दिवस चांगला उजेड आला तेव्हा मी तो काढायला खाली बसले. त्या रंगात अंगठ्याचा ठसा आहे. रंग वाळला का, ते बघायला टेकवला असावा. वाळला नव्हता. सगळ्या रेघा नीट उठल्या आहेत, मागून उजेड आला की मोजता येतात. माझ्या करंगळीएवढाच अंगठा.

मी त्याला अकरा वर्षांचा कधी पाहिलेला नाही, बाबा. तुम्ही पाहिलाय.

बटणाएवढा तो तुकडा ठेवला आहे. बाकीची काच स्वच्छ केली.

नऊ नंबरच्या दोरीला अजून काही टांगलं नाही. तुम्ही आलात की ठरवू. आता आठवड्याला दोनदा कापणी असते आणि दोन हात पुरत नाहीत. तुमची खाट आतल्या खोलीत उन्हाच्या बाजूला सरकवून ठेवली आहे. तपासणी संपली, आता परत या. वन्संना मी वेगळं लिहिते आहे.

आणि हो, माळ्यावर त्याच्या थाळ्या ठेवताना खाली एक पेटी लागली होती. काल ती उघडली. वरच त्याची शाळेची पुस्तकं आहेत, चौथीचंही आहे. कविता सापडली. पानाच्या खालच्या बाजूला दुसरं कडवं आहे, तुम्ही म्हणालात तसं, चार ओळींचं. पुस्तक घेऊन त्या खोलीत गेले आणि खिडकीजवळ उभी राहून वाचलं. बाईंनी सांगितला होता तेवढा उजेड तिथे आहे.

मी ते तुम्हाला लिहून पाठवणार नाही. इथे येऊन वाचा. तुमचं स्टूल खिडकीपाशीच ठेवलं आहे.

तुमची
सून